टेबल दोनवरची सकाळ

ऑर्हुस, ९ जानेवारी

एबे,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू ते फोडलंस, असं धरून लिहिते आहे. मुद्दाम मोठ्या अक्षरात लिहितेय. बोदिल म्हणाली, बारीक अक्षर आणि स्क्रीन दोन्हींनी तुझं डोकं चढतं. तिच्यावर रागावू नकोस. पत्ता मी तिच्याकडून जवळजवळ हिसकावूनच घेतला. तुझी बायको म्हणून तिनं आढेवेढे घेतले, पण साम्सोसारख्या बेटावर माणूस किती दिवस लपणार?

तीन वर्षं मी लिहिलं नाही, तूही लिहिलं नाहीस. त्याबद्दल आज काही नको. आज कामाचं.

उन्हाळ्यात आपली संस्था बंदराजवळच्या नव्या इमारतीत गेली. लेसरचं टेबल दोन जसंच्या तसं हलवलं, एकेका आरशाचा फोटो काढून. आता चेंबर, पंप, व्हॉल्व्ह सगळं चालू आहे आणि रेणू मात्र ऐकत नाहीत. त्यांच्या रांगेचं माप तू पंचाऐंशी टक्क्यांपर्यंत आणायचास ना, ते आता त्रेपन्नावर अडकलंय. पन्नास म्हणजे निव्वळ गोंधळ, हे तुला सांगायला नको. पडद्यावर नुसता गोल डाग दिसतो. दोन पाकळ्या काही उमटत नाहीत.

या टेबलावर रिक्के नावाची मुलगी डॉक्टरेट करतेय. दुसरं वर्ष आहे तिचं. वडील डुकरं पाळतात, पश्चिम किनाऱ्याकडे. परवा शुक्रवारच्या केकच्या वेळी ती त्यांना फोनवर आपलं काम समजावत होती. म्हणाली, वायूतले रेणू सैरभैर गरगरत असतात, आम्ही आधी त्यांना गारठवून सुस्त करतो, मग जोरदार लेसर सोडला की त्या प्रकाशात सगळे एका दिशेला तोंड करून ओळीत उभे राहतात, आणि मग दुसऱ्या लेसरनं आम्ही त्यांना फोडतो, म्हणजे तुकडे कुठे उडाले त्यावरून ते कसे उभे होते ते कळतं. वडील म्हणाले, "ओळीत उभं करायचं आणि मग मारायचं. आमच्याकडे यालाच धंदा म्हणतात." आम्ही सगळे हसलो. तू असतास तर अजून काहीतरी वाईट बोलला असतास.

एप्रिलमध्ये बाहेरची माणसं तपासायला येणार आहेत. तोवर रेणू उभे राहिले नाहीत तर टेबल दोन बंद, आणि रिक्केचं दीड वर्ष पाण्यात. तो लेसर तू जोडला होतास. त्याचा स्वभाव तुझ्याइतका कुणालाच ठाऊक नाही. काय बघू, एवढं कळव.

विबेके


ऑर्हुस, २४ जानेवारी

एबे,

चार ओळी आल्या, पोचल्या. "व्हॉल्व्हला हात लावू नका. आधी लेसरच्या पल्सचा आकार बघा. टेकडीसारखा गुळगुळीत हवा. कंगव्यासारखा दिसला तर आतला छोटा लेसर मोठ्याला लगाम घालत नाहीये. तो खोलीच्या तापमानानं निसटतो."

कंगवाच होता. दात मोजता येत होते. नव्या इमारतीत हवा खेळती ठेवणारं यंत्र दर वीस मिनिटांनी थंड झोत सोडतं, तो नेमका त्या छोट्या लेसरवर. रिक्केनं पुठ्ठ्याचं खोपटं करून त्याच्यावर ठेवलं, तू लिहिलं होतंस तसा लगाम पुन्हा बसवला. आधी अठ्ठावन्न, मग एकाहत्तर. काल दुपारी एकोणऐंशी. पडद्यावर दोन पाकळ्या इतक्या स्वच्छ उमटल्या की ती खुर्चीवर उभीच राहिली. मी तिला खाली उतरायला सांगितलं. खालून केबली गेल्यात.

ती म्हणते, चार ओळींत एवढं सांगणारा हा माणूस कोण? मी म्हटलं, इथे होता, मग बेटावर राहायला गेला. तिनं विचारलं, का गेला? मी म्हटलं, समुद्र आवडतो त्याला. तुला समुद्राची किती चीड आहे ते आठवलं आणि मी विषय बदलला.

तुझं कसं चाललंय? हे सहज विचारते आहे, उत्तर द्यायलाच हवं असं नाही.

विबेके


ऑर्हुस, १२ फेब्रुवारी

एबे,

तुझं पत्र दोनदा वाचलं. कोटाच्या खिशात घेऊन फिरते आहे.

पेंढा जाळून गावाला गरम पाणी पुरवणाऱ्या भट्टीवर तू काम करतोस, हे बोदिलनं सांगितलं नव्हतं. तू गठ्ठे ढकलतोस, राख ओढतोस, आणि लोक बरे आहेत, वाचून बरं वाटलं. म्हातारा भट्टीप्रमुख निवृत्त होतोय आणि त्याची जागा तुला देऊ केली, हे वाचून त्याहून बरं वाटलं. आणि मग तुझं पुढचं वाक्य. "मी नाही म्हणालो. ज्याला एक ब्लॉक जागेवर परत ठेवता आला नाही, त्यानं चारशे घरांची आग सांभाळू नये."

असं लिहू नकोस, एबे. चुका सगळ्यांच्याच होतात.

हे वर लिहिलं आणि खोडावंसं वाटलं. पण तुला खाडाखोड वाचायचा त्रास नको म्हणून तसंच ठेवलं.

इकडे मला एक खोड लागलीय. सकाळी आत शिरले की टेबलावरचे किरण अडवणारे सगळे ब्लॉक बोटानं चाचपते. बारा आहेत. रिक्के लेसरची झडप उघडायला गेली की मी म्हणते, थांब, परत एकदा. काल ती म्हणाली, "विबेके, बारा होते, बाराच आहेत, त्यांना पिल्लं होत नाहीत." मी हसले. मग तिला कॉफी आणायला पाठवलं आणि पुन्हा मोजले.

मागच्या मंगळवारी तिनं सुरक्षेचा गॉगल कपाळावर सारला होता, पडद्यावरचा डाग नीट दिसावा म्हणून. मी तिच्यावर अशी ओरडले की पलीकडच्या खोलीतला माणूस धावत आला.

तुझ्या डोळ्याबद्दल तू काहीच लिहिलं नाहीस. उजव्यानं अजून काहीच दिसत नाही का?

विबेके


ऑर्हुस, १ मार्च

एबे,

काल सुरक्षेचा वर्ग होता. नवीन आलेल्यांना लेसरपाशी उभं राहायच्या आधी तो करावाच लागतो. तुला सांगायला हवं, तो वर्ग तीन वर्षं मीच घेते आहे. आणि त्यात तुझी गोष्ट सांगितली जाते. नाव घेत नाही आम्ही. "एक अनुभवी सहकारी" म्हणतो. आदल्या संध्याकाळी त्यानं ब्लॉक परत बसवला नाही, सकाळी झडप उघडली, डोळ्यांना न दिसणारा किरण एका लोखंडी खांबावर आपटून परतला, आणि त्याचा गॉगल कपाळावर होता. एका पल्सचं काम. डोळ्यात आतून "टक्" असं ऐकू आलं, हे तुझे शब्दही मी सांगते.

काल रिक्केनं हात वर केला. "तो विसरला हे कशावरून ठरलं?" मी म्हटलं, तो स्वतःच तसं म्हणाला. ती म्हणाली, "मग तो बेटावरचा एबे आहे, हो ना?" मी पुढच्या चित्राकडे वळले.

बोदिलचा फोन आला होता, त्याच दिवशी. तू तिला सांगू नकोस की मी हे लिहिलं. ती म्हणाली, तू घराला कुलूप लावतोस आणि कोपऱ्यावरून परत येऊन ओढून बघतोस. शेगडी चार चार वेळा. तिच्या भावाच्या लग्नाला निघालात, बोटीच्या धक्क्यापर्यंत पोचलात, आणि इस्त्री चालू राहिली असेल म्हणून तू मागे फिरलास, बोट गेली. इस्त्री कपाटात होती. ती म्हणाली, "त्याचा डोळा गेला त्याचं मला एवढं वाटत नाही, विबेके. एका डोळ्यानं माणूस जगतो. त्याचा स्वतःवरचा भरवसा गेला, त्याचं काय करू?"

मी तिला म्हटलं, वेळ लागतो.

एबे, गॉगल कपाळावर ठेवायची सवय तुला मी लावली होती. पहिल्या वर्षी, तू नवीन होतास तेव्हा. "गॉगल लावून डाग दिसत नाही, सगळेच असं करतात," हे माझं वाक्य. चौकशीच्या वेळी ते मी सांगितलं नाही. निदान एवढं तुला ठाऊक असावं.

रिक्केला जुन्या फायली चाळताना काहीतरी सापडलंय. मला त्याबद्दल विचारत होती. त्याचं नंतर लिहीन.

विबेके


ऑर्हुस, ५ मार्च

एबे,

हे पत्र बोदिल घरात असताना वाच. आधी खाली बस.

ब्लॉक तू विसरला नव्हतास.

त्या सकाळी मी साडेसहाला आत आले होते. प्रयोगाला पैसे देणाऱ्या फंडाच्या लोकांना लेसरची ताकद किती ते सकाळीच कळवायचं होतं. तू आदल्या संध्याकाळी ब्लॉक लावून गेला होतास, जागच्या जागी, स्क्रू घट्ट पिळून. इतका घट्ट की सोडवताना माझं नख मोडलं. मी तो काढून मागच्या फळीवर ठेवला, त्याच्या जागी पॉवरमीटर लावला, झडप उघडून आकडा घेतला, झडप बंद केली, मीटर काढला. तेवढ्यात फंडाचा फोन आला. बोलत बोलत मी बाहेर आले, खाली गेले, पाव घेतला, खिडकीपाशी उभी राहून खाल्ला. आकडा चांगला आला म्हणून खुशीत होते. ब्लॉक फळीवरच राहिला.

तू साडेआठला आलास. पुढचं तुला माहीत आहे.

इस्पितळात तू मला म्हणालास, "विबेके, मी ब्लॉक विसरलो. काल घाईत होतो." मी तुझा हात धरून बसले होते. मी म्हटलं, "आत्ता त्याचा विचार करू नकोस."

चौकशीत विचारलं, टेबलावर शेवटचं कोण होतं. मी म्हटलं, आदल्या संध्याकाळी एबे शेवटी गेला. ते खरंच आहे. सकाळचं त्यांनी विचारलं नाही, कारण सकाळी कुणी आलं असेल असं कुणाला वाटलंच नाही. तू स्वतः कबूल केलंस म्हणून त्यांचं काम सोपं झालं. तू सही केलीस तेव्हा मी खोलीतच होते.

मी स्वतःला सांगत राहिले की गॉगल तर त्याच्याच कपाळावर होता. की डोळा तर परत येणार नाही. की गटाची प्रमुख मी, मलाच काढलं तर सगळा गट मोडेल, सहा जणांचं नुकसान होईल. मग तू गावच सोडून गेलास, आणि मला वाटलं, बेटावर तुझं बरं चाललं असेल. तुझी भट्टीची गोष्ट वाचेपर्यंत मी खरंच तसं धरून चालले होते. नाही. धरून चालायची मला सोय होती.

रिक्केला काय सापडलं ते सांगते. त्या तारखेला सकाळी सहा बावन्नला घेतलेला आकडा संगणकात आहे. तिनं विचारलं, हा कुणी घेतला? मी म्हटलं, आठवत नाही. तिनं माझ्याकडे बघितलं. म्हणजे मी हे तुला तुझ्यासाठी सांगते आहे की पकडली जाईन म्हणून, ते मला नीट कळत नाही. तुला कळलं तर तू ठरव.

तुझ्या हातून काही सुटलं नव्हतं, एबे. तू ते काम नेहमीसारखं नीट केलं होतंस.

विबेके


ऑर्हुस, ३० मार्च

एबे,

पंचवीस दिवस झाले. पत्रपेटी बघायला रोज तीनदा उतरते. शेजारीण म्हणाली, पोस्टमन सकाळी एकदाच येतो.

पत्र पोचलं हे बोदिलकडून कळलं. ती फोनवर एवढंच म्हणाली, "वाचलं त्यानं. आता मला फोन करू नकोस." आवाज शांत होता. ती चिडली असती तर सोपं गेलं असतं.

मी थांबायचं नाही असं ठरवलं. तुझ्या उत्तरावर पुढचं ठरवणं म्हणजे पुन्हा तुझ्याच खांद्यावर टाकणं. अठराला संचालकांकडे गेले, लिहूनच नेलं होतं. सहा बावन्नची नोंद जोडली. त्यांनी वाचलं, चष्मा काढला, पुन्हा घातला. म्हणाले, "तीन वर्षांनी? विबेके, हे आता कुणाच्या उपयोगाचं आहे?" मी तुझं नाव सांगितलं. ते म्हणाले, "तो तर काही मागत नाहीये." मी म्हटलं, म्हणूनच.

दोन दिवसांनी प्रयोगशाळेची किल्ली काढून घेतली. चौकशी पुन्हा उघडलीय. टेबल दोन सध्या दुसऱ्या गटाच्या देखरेखीखाली आहे, रिक्केचं काम चालू राहील, हे लेखी घेतलं आहे. सामान न्यायला गेले तेव्हा तिला मी स्वतः सगळं सांगितलं. मला वाटलं ती काही बोलेल. ती म्हणाली, "मी तुमच्याकडून सुरक्षा शिकले." आणि गॉगल लावून आत गेली. त्या वाक्याचा अर्थ काय लावायचा, ते आठवडाभर मला उलगडत नाही.

चौकशीला तुला बोलावतील. आलं पाहिजे असं नाही. पण तुला जे सांगायचं ते तुझ्या तोंडून त्यांनी ऐकावं, अशी माझी इच्छा आहे. माझ्याबद्दल काहीही सांग.

झोप लागत नाही, हे सांगून तुझी दया मागत नाही. फक्त पत्रात अक्षर वाकडं आलंय, त्याचं कारण.

विबेके


ऑर्हुस, १२ मे

एबे,

तू येशील असं वाटलं नव्हतं. दार उघडून तू आत आलास तेव्हा मी पाणी पीत होते, ते कागदांवर सांडलं. तू वाळला आहेस. हात मात्र दुप्पट झालेत.

चौकशीतलं तुला ठाऊकच आहे, पण मला लिहून काढायचं आहे. तिथे बसून मला अर्धं ऐकूच आलं नाही. जुना अहवाल रद्द झाला. तुझ्या नावासमोरचं "निष्काळजीपणा" काढून टाकायचं ठरलं. प्रमुखपदावरून मला दूर केलं, आणि लेसर असलेल्या खोलीत मी पुन्हा काम करणार नाही. ते मला मान्य आहे. तुला विचारलं, काही म्हणायचंय का. तू म्हणालास, "त्या वर्गात माझी गोष्ट सांगतात म्हणे. सांगत राहा. पण खरी सांगा. कपाळावरच्या गॉगलसकट. तो माझा होता." सगळे मान खाली घालून लिहायला लागले.

मग बंदरापर्यंत आपण बरोबर चाललो, कारण रस्ता एकच होता. तू सायकलींच्या वाटेवरून चालत होतास, दोनदा घंटा वाजली तरी सरकला नाहीस. उजवीकडून आलेली सायकल तुला दिसत नाही हे मला उशिरा कळलं. मी त्या बाजूला आले.

धक्क्यावर तू म्हणालास की पत्र आलं त्या रात्री तू स्वयंपाकघरातल्या दोन कपबश्या फोडल्यास, बोदिलनं तिसरी तुझ्या हातात दिली. आणि म्हणालास, "तुझ्यावर माझा राग आहे, विबेके. किती दिवस राहील सांगता येत नाही. कदाचित कायमचा. पण सोमवारपासून भट्टी माझ्याकडे आहे." मी अभिनंदन म्हटलं. तू म्हणालास, "तुझ्याकडून नको."

बोट लागली. फळी टाकली. तू वळलास आणि ते विचारलंस. "तेव्हाच का नाही सांगितलंस? इस्पितळात? मी दोन दिवस शिव्या दिल्या असत्या. आठवडाभर. मग आपण परत कामाला लागलो असतो."

तू थोडा वेळ थांबलास आणि वर चढलास.

चौकशीत मी म्हटलं होतं की मी घाबरले होते. सगळ्यांनी ते मान्य केलं, कारण ते समजण्यासारखं आहे. तुलाही मी या सगळ्या पत्रांतून तेच समजू दिलं. ते खरं नाही. भीती नंतर आली, घरी गेल्यावर. त्या क्षणी, तू "मी विसरलो" म्हणालास तेव्हा, मला हायसं वाटलं. मनात काही विचार यायच्याही आधी. तू वीस वर्षांपासूनचा मित्र, तुझा हात माझ्या हातात, आणि मला सुटल्यासारखं वाटलं. मी गप्प राहिले ती त्या सुटकेला धक्का लागू नये म्हणून. बाकीचं, गटाचं आणि सहा जणांचं, मी नंतर जुळवलं.

तुझ्या दोन्ही डोळ्यांवर पट्टी होती तेव्हा. म्हणून माझा चेहरा तुला दिसला नाही. दिसला असता तर परवा धक्क्यावर तुला विचारावं लागलं नसतं.

विबेके